स्वस्तातला एक्सबॉक्स: किती स्वस्त, किती कमी

१० नोव्हेंबर २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने दोन गेम कन्सोल एकाच दिवशी विक्रीला काढले. एक्सबॉक्स सीरिज एक्स हा मोठा, काळा, ४९९ डॉलरचा. सीरिज एस हा छोटा, पांढरा, २९९ डॉलरचा. भारतातही दोन्ही त्याच दिवशी आले, ४९,९९० आणि ३४,९९० रुपयांना. गेम तेच, कंट्रोलर तोच, फरक पंधरा हजारांचा. तेव्हापासून दर दिवाळीला, दर ऑनलाइन सेलला आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत एक प्रश्न निघतो: धाकटा घेतला तर चालेल का?

याचे उत्तर बहुतेक वेळा आकड्यांत दिले जाते. बारा टेराफ्लॉप विरुद्ध चार टेराफ्लॉप, एक टेराबाइट विरुद्ध ५१२ गिगाबाइट. आकडे खरे आहेत. पण एवढ्या वर्षांचा अनुभव समोर ठेवला तर या आकड्यांनी फारसे काही ठरवलेले दिसत नाही. सीरिज एस जिथे अडखळला ती जागा वेगळी होती, आणि घेणाऱ्याच्या खिशाला जिथे भोक पडले ती त्याहूनही वेगळी. माझे मत आधीच सांगून टाकतो. २०२१ मध्ये हा कन्सोल घेणे शहाणपणाचे होते. नव्या, वाढलेल्या किमतीला तो कोरा घेणे बहुतेकांसाठी तसे राहिलेले नाही. आणि यात यंत्राचा दोष फार थोडा आहे.

आधीचे धाकटे

स्वस्त आणि महाग अशा दोन आवृत्त्या काढण्याची रीत जुनी आहे. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा ३९९ डॉलरच्या आवृत्तीशेजारी २९९ डॉलरची ‘कोअर’ आवृत्ती ठेवलेली होती. तिच्यात हार्ड डिस्क नव्हती. गेम जिथवर आला तिथे जपून ठेवायचा तर मेमरी कार्ड वेगळे घ्यावे लागे. पुढच्या वर्षी सोनीने प्लेस्टेशन ३ दोन प्रकारांत आणला, २० जीबीचा ४९९ डॉलरला आणि ६० जीबीचा ५९९ ला. त्यातला स्वस्त प्रकार अमेरिकेत काही महिन्यांतच बंद झाला. २०१२च्या निन्टेंडो वी यूचा ८ जीबीचा ‘बेसिक’ प्रकारही असाच मागे पडला.

या सगळ्यांत कात्री लागली ती साठवणुकीला आणि जोडसामानाला. गेम चालवणारी ताकद दोन्ही आवृत्त्यांत सारखीच होती, त्यामुळे हातात पैसे आले की हार्ड डिस्क जोडून धाकट्याला थोरला करता येई. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ची ‘डिजिटल’ आवृत्ती काढली तीही याच जातीची: डिस्क घालायची खाच नाही, बाकी सगळे तेच. मायक्रोसॉफ्टने मात्र थेट ग्राफिक्स प्रोसेसर लहान केला आणि मेमरी कमी केली. ही उणीव नंतर कितीही पैसे टाकले तरी भरून निघत नाही, म्हणून निर्णय घेताना जास्त विचार करावा लागतो.

ठिपक्यांचा हिशेब

मूळ कल्पना बिनबुडाची नव्हती. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, १४४०पी मध्ये ३७ लाख, आणि फुल एचडीमध्ये २१ लाखांच्या आसपास. यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने ठरवायचा, हे ग्राफिक्स प्रोसेसरचे काम. ठिपके निम्म्याहून कमी केले तर हे काम करणारी चिपही लहान चालेल, असा मायक्रोसॉफ्टचा हिशेब. मुख्य प्रोसेसरला मात्र त्यांनी जवळजवळ हात लावला नाही: दोन्हींत आठ कोअरचा झेन २, एकात ३.८ गिगाहर्ट्झचा, दुसऱ्यात ३.६ चा. एसएसडीचा वेगही सारखाच. म्हणजे गेम उघडायला लागणारा वेळ, शत्रूंची हुशारी, रस्त्यावरची गर्दी हे सगळे दोन्हीकडे एकसारखे, फक्त चित्र एकीकडे थोडे कमी रेखीव. कल्पना अशी.

ही कल्पना किती उतरली हे तुमच्या भिंतीवरच्या टीव्हीवर अवलंबून आहे. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही आहे. त्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके मावतात. अशा टीव्हीला सीरिज एक्स जोडला तर त्याच्या जास्तीच्या ताकदीचा मोठा भाग दिसतच नाही. ४३ इंची ४के टीव्ही आठ-दहा फुटांवरून पाहतानाही फरक सांगायला बारीक नजर लागते. (४के टीव्ही नुकताच घेतलेल्या माणसापुढे हे बोलू नये.) ५५ इंचांच्या पुढे आणि जवळ बसून खेळणाऱ्याला मात्र धूसरपणा जाणवतो, कारण सीरिज एससाठी मायक्रोसॉफ्टने दिलेले १४४०पीचे वचन बऱ्याच गेममध्ये पाळले गेले नाही. ‘सायबरपंक २०७७’चेच पाहा. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याची नव्या कन्सोलसाठीची आवृत्ती आली तेव्हा सीरिज एसवर सेकंदाला तीस फ्रेमच होत्या. साठ फ्रेमची सोय त्याच वर्षी नंतर मिळाली, पण त्यासाठी चित्र ९००पीपर्यंत खाली आणावे लागले.

तरीही ‘फोर्टनाइट’, ‘फोर्झा होरायझन ५’, क्रिकेट, फुटबॉल हे सगळे या छोट्या डब्यावर व्यवस्थित चालते. ‘फोर्टनाइट’ तर सेकंदाला १२० फ्रेमनेही. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मित्रांशी किंवा भावंडांशी खेळणाऱ्याला चार टेराफ्लॉप कमी पडले, असे म्हणता येत नाही.

अडले ते मेमरीत

ठिपके कमी केले की प्रोसेसरचे काम कमी होते. मेमरीचे तसे होत नाही. पृष्ठभागांवरची चित्रे लहान करून काही जागा वाचते. पण गावातली घरे, पात्रांच्या हालचाली, आवाज, कोण कुठे आहे आणि कोणाच्या हातात काय आहे ही सगळी माहिती टीव्ही लहान असो की मोठा, तेवढीच जागा खाते. सीरिज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, सीरिज एसमध्ये १०. त्यातलीही वेगवान फक्त ८ जीबी. उरलेली दोन इतकी संथ, की ती प्रणालीच्याच कामाची. २०२० मध्येच काही नावाजलेल्या स्टुडिओंच्या अभियंत्यांनी यावर बोट ठेवले होते, तेव्हा त्यांना किरकिरे ठरवण्यात आले. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रणालीकडची थोडी मेमरी सोडवून सीरिज एसवरच्या गेमना दिली. काही शे मेगाबाइटच, पण त्यासाठी स्वतंत्र घोषणा करावी लागली यातच सगळे आले.

याचा सर्वांत गाजलेला दाखला ‘बाल्डर्स गेट ३’चा. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकावर आला, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५वर. एक्सबॉक्सवाले वाट पाहत राहिले. गेममध्ये पडदा दोन भागांत विभागून दोघांना एकाच टीव्हीवर खेळता येते, आणि ते दोघे नकाशावर वेगवेगळ्या टोकांना गेले की यंत्राला दोन जगे एकदम मेमरीत ठेवावी लागतात. सीरिज एसला ते झेपेना. मायक्रोसॉफ्टचा नियम असा की दोन्ही एक्सबॉक्सवर गेमची सोय सारखी हवी, त्यामुळे धाकट्यापायी थोरलाही अडकला. शेवटी नियमाला मुरड घातली गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये, सीरिज एसवर विभागलेला पडदा वगळून, गेम आला. ती सोय एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये मिळाली. चिनी स्टुडिओ गेम सायन्सचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ २० ऑगस्ट २०२४ ला प्लेस्टेशनवर आणि संगणकावर आला, एक्सबॉक्सवर यायला बरोबर एक वर्ष गेले. स्टुडिओच्या प्रमुखांनी जाहीरपणे या १० जीबीच्या मेमरीचा उल्लेख केला होता.

या दोन गोष्टी वारंवार सांगितल्या जातात त्या मोठ्या गेमच्या आहेत म्हणून. दोन्ही गेम शेवटी आले, दोन्ही चालतात. घेणाऱ्याने यातून एवढेच ध्यानात घ्यावे की एखादा बहुचर्चित गेम पहिल्या दिवशी खेळायचाच असा हट्ट असेल, तर हा कन्सोल अधूनमधून ताटकळत ठेवील. उलट बाजूही आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि त्याची ग्राफिक्स ताकदही बेताचीच. त्यासाठी गेम बनवायचा म्हणजे तो काटकसरीने बांधावाच लागतो. स्टीम डेकसारख्या हातात धरायच्या यंत्रांमुळेही स्टुडिओंना तशी सवय लागली आहे. त्यामुळे सीरिज एसला लवकरच वाऱ्यावर सोडतील, ही २०२२ मधली भीती आता बरीच ओसरली आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ही सीरिज एससाठी जाहीर झालेला आहे.

जुन्या गेमबाबत एक बारकावा दुकानदार सांगत नाहीत. २०१७ चा एक्सबॉक्स वन एक्स त्याच्या काळातला बलाढ्य कन्सोल होता आणि अनेक गेमना त्याच्यासाठी सुधारलेले चित्र मिळाले होते. सीरिज एस मात्र त्या गेमची, वन एस या कमी ताकदीच्या भावासाठीची साधी आवृत्ती चालवतो. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ वन एक्सवर ४के मध्ये चालतो. सीरिज एसवर तसा चालत नाही. म्हणजे घरात वन एक्स असेल आणि खेळायचे मुख्यतः त्या काळातलेच असेल, तर हा बदल पुढे नेत नाही, मागे नेतो.

दुबळ्यांचा इतिहास

कमी ताकद म्हणजे कमी मोल हे समीकरण कन्सोलच्या इतिहासात फारसे टिकलेले नाही. निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट-करडा होता, मागून उजेडही नाही. अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर यांचे पडदे रंगीत होते. पण गेम गिअर सहा पेनसेल काही तासांत संपवी, गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारस मिळून अकरा कोटींहून अधिक विकले गेले. तो घडवणारे गुनपेई योकोई यांचे धोरणच असे होते की जुने, स्वस्त झालेले, खात्रीचे तंत्रज्ञान घ्यायचे आणि ते नव्या रीतीने वापरायचे. निन्टेंडोचाच २००६ चा ‘वी’ हा प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० पेक्षा कितीतरी दुबळा होता. तोही दहा कोटींच्या पुढे गेला, आणि स्विच पंधरा कोटींच्या.

पण ही उदाहरणे सीरिज एसच्या बाजूने उभी करताना जपून राहावे. निन्टेंडोने ताकद सोडली तेव्हा बदल्यात काहीतरी दिले: खिशात मावणारा आकार, हात हलवून खेळायचा टेनिस, प्रवासात चालणारा कन्सोल. सीरिज एसने बदल्यात फक्त कमी किंमत दिली. ती किंमत कमी राहिली तोवर सौदा उभा होता.

डिस्क नसण्याची किंमत

मोठी गोष्ट इथे आहे, आणि आपल्याकडच्या ग्राहकासाठी ती टेराफ्लॉपपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. सीरिज एसला डिस्क घालता येत नाही. प्रत्येक गेम मायक्रोसॉफ्टच्या दुकानातूनच घ्यायचा, किंवा भाड्याने.

आपल्याकडे गेम खेळण्याची संस्कृती डिस्कवर, आणि त्याआधी कॅसेटवर पोसली गेली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या खेळांच्या पिवळ्या कॅसेट गल्लीतली मुले एकमेकांना देत असत. पुढे प्लेस्टेशनच्या डिस्क तशाच फिरल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि हाजी अलीच्या हीरा पन्नात वापरलेल्या डिस्कची देवघेव वर्षानुवर्षे चालते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही गेम बदलून देणारे एखादे दुकान असतेच. गेम घ्यायचा, महिनाभरात संपवायचा, विकायचा, त्यात थोडे घालून दुसरा घ्यायचा. ज्याला दर महिन्याला घरून मोजके पैसे मिळतात, त्या मुलासाठी हेच अर्थशास्त्र आहे.

हिशेब मांडून पाहू. नवा मोठा गेम साधारण चार-पाच हजारांचा. समजा चार हजारांची डिस्क घेतली आणि संपवून अडीच हजारांना विकली. गेम दीड हजारात पडला. वर्षाला असे चार गेम खेळले तर दहा हजार परत आले. डिजिटल गेम विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. म्हणजे कन्सोल घेताना वाचवलेले पंधरा हजार दीड वर्षात या वाटेने निघून जातात. जो वर्षाला चार नवे गेम घेतो आणि विकतो, त्याच्यासाठी सीरिज एस मुळात स्वस्त नव्हताच.

दुसऱ्या बाजूला असा खेळणारा आहे जो वर्षभर एकच फुटबॉल किंवा एकच फुकटचा गेम खेळतो. एप्रिल २०२१ पासून एक्सबॉक्सवर फुकटचे गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी लागत नाही. अशा माणसाला डिस्कची खाच असली काय, नसली काय. ऑनलाइन दुकानात जुने गेम अर्ध्या-पाव किमतीला येतात तेव्हाच घेणाऱ्या धीराच्या माणसाचेही नुकसान नाही.

डिस्क नाही म्हणजे सगळे डाउनलोड करणे आले. शंभर जीबीचा गेम शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर दोन-सव्वादोन तासांत उतरतो. चाळीसच्या जोडणीवर साडेपाच तास. पुण्या-मुंबईत फायबर असलेल्याला याचे काही वाटणार नाही. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त असेल तर हा कन्सोल घेऊच नये, इतके स्पष्ट सांगतो. अशा घरी आठवड्याचा डेटा एका गेममध्ये संपतो आणि मग पॅच येतात.

उतरवलेले ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. ५१२ जीबीपैकी गेमसाठी मिळतात ३६४. सीरिज एसचे गेम थोडे लहान असतात हे खरे, तरी मोठे चार-पाच बसले की जागा भरते. वाढीव साठवणुकीसाठी मागच्या खाचेत खास कार्ड घालावे लागते. एक टेराबाइटच्या कार्डाची सुरुवातीची किंमत २२० डॉलर होती. २९९ डॉलरच्या यंत्राला २२० डॉलरचे कार्ड! नंतर ती उतरली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ३४९ डॉलरचा एक टेराबाइटचा काळा सीरिज एसही आला. तोवर साधा उपाय एकच, आणि तो आजही चालतो: यूएसबीची हार्ड डिस्क जोडायची. नवे गेम तिच्यावरून चालत नाहीत, पण ठेवता येतात, आणि खेळायच्या वेळी आत हलवता येतात. पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. जुन्या पिढीचे गेम तर तिच्यावरून थेट चालतात.

वर्गणीचा खेळ

सीरिज एस मुळात कोणासाठी बनवला होता, हे गेम पास बाजूला ठेवून समजत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली ही वर्गणी भरली की शेकडो गेम खेळता येतात, आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम पहिल्या दिवशी मिळतात. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ मध्ये उघड सांगितले होते की कंपनी प्रत्येक कन्सोलमागे १०० ते २०० डॉलर पदरचे घालून तो विकते आणि ते पैसे गेम व जोडसामानातून परत मिळवते. म्हणजे कमी किमतीचा डबा हे औदार्य नव्हते, वर्गणीदार मिळवायचा खर्च होता. तो काही काळ फळलाही: सीरिज एस घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक एक्सबॉक्सला नवे आहेत, असे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांनी त्याच वर्षी सांगितले.

ग्राहकाच्या बाजूनेही तो सौदा तेव्हा उत्तम होता. नवा गेम विकत न घेता महिन्याला काही शे रुपयांत वर्षभर खेळत राहायचे. डिस्क नसल्याचे दुःख उरतच नव्हते. पण ‘अल्टिमेट’ या गेम पासच्या सर्वांत वरच्या प्रकाराची अमेरिकेतली महिन्याची किंमत १४.९९ डॉलरवरून २०२३ मध्ये १६.९९, २०२४ मध्ये १९.९९ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम २९.९९ झाली. भारतात त्याच वेळी ती ८२९ वरून १,३८९ रुपयांवर गेली. त्या दराने वर्षाचे १६,६६८. दोन-अडीच वर्षांत वर्गणीच कन्सोलच्या मूळ किमतीला गाठते, आणि वर्गणी थांबली की हातात काही उरत नाही. खालचे स्वस्त प्रकार आहेत, पण मायक्रोसॉफ्टचे मोठे गेम पहिल्या दिवशी त्यांत येत नाहीत. पाहुणा म्हणून जेवायला बोलावले आणि बसल्यावर ताटाचा भाव वाढवला, असा हा प्रकार.

यंत्राच्या किमतीचेही तेच. साधारणपणे कन्सोल जुना होतो तसा स्वस्त होतो. या पिढीत उलटे झाले. अमेरिकेत २९९ डॉलरचा सीरिज एस मे २०२५ मध्ये ३७९.९९ आणि ऑक्टोबरमध्ये ३९९.९९ डॉलरचा झाला. प्लेस्टेशन ५ची डिजिटल आवृत्ती तेव्हा ४९९.९९ ला होती. म्हणजे फरक शंभर डॉलरचा, आणि समोरच्या यंत्राची ताकद दुपटीहून जास्त. शिवाय प्लेस्टेशनच्या नव्या, सडपातळ डिजिटल आवृत्तीला डिस्कची खाच नंतर विकत घेऊन जोडता येते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांसाठी या आकड्यांवर प्रश्न तेव्हा जवळजवळ निकालात निघाला. तिथून येणाऱ्या नातेवाइकाकडून कन्सोल मागवायचा विचार असेल तर वॉरंटी खरेदीच्या देशापुरती असते, एवढे पाहून घ्यावे.

भारतात गणित आणखी आधी बिघडले. प्लेस्टेशन ५ इथे २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिजिटल आवृत्ती ३९,९९० ला. कागदावर सीरिज एसशी फरक पाच हजारांचाच. पण प्लेस्टेशन मिळतच नव्हता. दर काही आठवड्यांनी थोडा माल येई आणि मिनिटांत संपे. काळ्या बाजारात भाव चढे. सीरिज एस मात्र दुकानात असे. २०२१-२२ मध्ये तो इथे रुळला याचे श्रेय त्याच्या किमतीइतकेच या उपलब्धतेलाही आहे. नंतर त्याची किंमत टप्प्याटप्प्याने चाळीस हजारांच्या आसपास गेली, डिजिटल प्लेस्टेशन ४४,९९० वर पोहोचला, आणि टंचाई संपली. सणासुदीच्या सेलमध्ये प्लेस्टेशनवर सूट मिळू लागली तसा धाकट्या एक्सबॉक्सचा आधार सुटत गेला.

त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःचेच गेम शेजारच्या घरी पाठवायला सुरुवात केली. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ २०२४ मध्ये, ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५ मध्ये, पाठोपाठ ‘गिअर्स ऑफ वॉर’ प्लेस्टेशनवर गेले. ‘हेलो’ही जाणार असल्याचे जाहीर झाले. सोनीचे गेम एक्सबॉक्सवर जवळजवळ येतच नाहीत. एक्सबॉक्समध्येच मिळणारे असे आता फार थोडे राहिले आहे. आणि नोव्हेंबर २०२५ पासून भारतात एक्सबॉक्सची क्लाउड सेवा सुरू झाल्याने चांगले इंटरनेट असलेल्याला कन्सोल न घेताही, काही टीव्हींवर आणि फोनवर, गेम पास चाखून पाहता येतो. जलद नेमबाजीच्या गेमना ती मानवत नाही, पण मुलाची आवड खरी की आठवड्याची, हे तपासायला महिनाभराची वर्गणी पुरेशी आहे.

स्वस्तातला पर्याय म्हणून निन्टेंडोचे नाव घेतले जाते. त्याची आपल्याकडे अधिकृत विक्री नाही. आयात केलेला माल, दुकानदाराच्या शब्दावरची हमी आणि महागडे गेम हे धरूनच तिकडे वळावे. लहान मुलांसाठी त्याच्या गेमना तोड नाही, हेही तितकेच खरे.

मग घ्यावा का

जुना, वापरलेला सीरिज एस मूळ किमतीच्या निम्म्यात मिळत असेल, तर घ्यावा. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी, फुकटचे गेम आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलासाठी, संगणकावर खेळणाऱ्याला सोफ्यावर बसून खेळायला म्हणून तो अजूनही झकास आहे. खेळताना तो साधारण सत्तर-ऐंशी वॅट वीज घेतो, म्हणजे दिवे गेल्यावर घरचा इन्व्हर्टर त्याला सहज पेलतो. वजन दोन किलोच्या आत असल्याने सुट्टीत गावी नेता येतो. वापरलेला घेताना विकणाऱ्याच्या घरी टीव्हीला जोडून, आपल्या खात्याने आत जाऊन, एखादा ऑनलाइन सामना खेळून पाहावा. नियमभंगापायी बंदी घातलेले कन्सोलही बाजारात फिरतात. कंट्रोलरच्या काड्या न हलवता चित्र सरकते का, ते पाहावे. कंट्रोलरला दोन पेनसेल लागतात, चार्ज होणारे घेऊन ठेवावेत.

कोरा घ्यायचा असेल तर दुकानात जाऊन त्या दिवशीचा सीरिज एसचा आणि प्लेस्टेशन ५चा भाव विचारा. दोघांतला फरक तीन नव्या गेमच्या किमतीपेक्षा, म्हणजे बारा-पंधरा हजारांपेक्षा कमी असेल तर प्लेस्टेशन घ्या, आणि शक्यतो डिस्कवाला घ्या. मोठा ४के टीव्ही असेल, कथेचे मोठे गेम पहिल्या दिवशी खेळायची ओढ असेल किंवा गेम विकून पुढचा घ्यायची सवय असेल, तर फरक त्याहून जास्त असला तरी सीरिज एसकडे वळू नका. तेवढे पैसे जमेपर्यंत सहा महिने थांबा. एकच गोष्ट मनात असेल, की गेम पासचे शेकडो गेम चाखत राहायचे आहेत, तर त्या दिवशीच्या वर्गणीचा दर धरून तीन वर्षांचा आकडा कागदावर मांडा आणि मगच दुकानाची पायरी चढा.